मल्लखांबाची गोडी परत कशी लागेल?

पालक, सांगली: माझी तेरा वर्षांची मुलगी पाच वर्षे मल्लखांब करते. स्पर्धेत दसरंग हा मल्लखांबावरचा प्रकार करताना पकड सुटून पडल्यापासून ती मैदानावर जाते खरी, पण हाताला एरंडेल चोळून खांबापाशी नुसतीच उभी राहते. आग्रह धरावा की थांबू द्यावे?

प्रशिक्षक, सातारा: सराव सोडवू नका, मात्र दसरंग महिनाभर बाजूला ठेवा. पडण्याची भीती समजावून जात नाही. गादी घालून, साध्या अढीपासून, म्हणजे पायांनी खांब पकडण्यापासून, एकेक टप्पा पुन्हा जमू लागला की अंगाला विश्वास येतो. लहान मुलींना अढी शिकवायचे काम तिला द्यावे, माझ्याकडच्या दोघी त्यातूनच सावरल्या.

पालक, कोल्हापूर: आमच्या जिल्ह्याचा नेमबाज स्वप्नील कुसाळे २०२२ च्या जागतिक स्पर्धेत चौथा आला, हांगझोच्या आशियाई स्पर्धेतही चौथाच, आणि २०२४ मध्ये पॅरिसला त्याने कांस्यपदक मिळवले. हे माझ्या मुलाला सांगितलेच, पण त्याहून उपयोग झाला तो घरी आल्यावर ‘कितवा आलास?’ हे विचारणे बंद केल्याचा.

पालक, सांगली: तो प्रश्न मीही दरवेळी विचारते. आजपासून विचारणार नाही, आणि अढी शिकवण्याबद्दल सरांशी उद्याच बोलते.