शब्दचर्चा : फ्लेक्सवरचा ‘अभिमानी’ म्हणजे नक्की कोण?

गल्लीकर, बेळगाव

परवा गोवावेसच्या कोपऱ्यावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. वर कन्नड, खाली मराठी. कन्नडमध्ये शेवटची ओळ ‘अभिमानी बळग’. मराठी मजकूर करणाऱ्यानं ‘बळग’चं तेवढं ‘परिवार’ केलं आणि ‘अभिमानी’ आहे तसाच ठेवला. पुण्याहून आलेला मावसभाऊ थांबून वाचायला लागला. “अभिमानी परिवार? कसला अभिमान आहे रे यांना?”

मी सांगायला गेलो आणि मलाच नीट सांगता येईना. कन्नडमध्ये अभिमानी म्हणजे चाहता, फॅन. मराठीत तो शब्द एकटा आला की माणूस करारी तरी असतो, नाहीतर जरा ताठ. ‘बाई फार अभिमानी आहे हो’ हे कौतुक की तक्रार, ते बोलणाऱ्याच्या भुवयांवरून ठरतं. चाहत्याचा अर्थ त्यात कुठेच नाही.

दुसरी गोष्ट घरी आल्यावर सुचली. समासात आपणही तो कन्नडच्या जवळ नेतो. भाषाभिमानी, देशाभिमानी, महाराष्ट्राभिमानी. म्हणजे आपला अभिमानी भाषेचा होतो, देशाचा होतो, माणसाचा सहसा होत नाही. माणसाला आपण चाहते देतो, अनुयायी देतो, कार्यकर्ते देतो. हा फरक मला बारीक वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

निपाणीचा मास्तर

मुद्दा बरोबर, पण कन्नडवर थोडा अन्याय झालाय. कन्नड ‘अभिमान’मध्ये ताठा कमी आणि जिव्हाळा जास्त आहे. ‘माझ्यावर त्यांचा अभिमान आहे’ अशा धर्तीचं वाक्य तिथे सहज चालतं, अर्थ ‘त्यांची माझ्यावर माया आहे’. कन्नड सिनेमाचे नट डॉ. राजकुमार व्यासपीठावरून लोकांना ‘अभिमानी देवरुगळे’ म्हणायचे. चाहत्यांनो, तुम्हीच माझे देव. देव नट नव्हे, देव समोर बसलेला माणूस. शाळांत कन्नडला पहिलं स्थान मिळावं म्हणून झालेल्या १९८२च्या गोकाक चळवळीत ते रस्त्यावर उतरले तेव्हा अख्खं राज्य मागे आलं, तरी गृहस्थांनी कधी निवडणूक लढवली नाही. (बाहेरच्यांसाठी : ही चळवळ आमच्या धबधब्याच्या गोकाकची नव्हे. वि. कृ. गोकाक यांच्या समितीच्या अहवालावरून ते नाव पडलं. कोल्हापूरकडच्या दोघातिघांना मी हे आजवर समजावलंय.)

गल्लीकर, बेळगाव

मास्तर, मान्य. पण राजकारण्यांनी त्यातलं अर्धंच उचललं ना! ‘अभिमानी’ घेतला, ‘देवरुगळे’ स्वतःकडे ठेवला.

आता माझं वैयक्तिक मत, पटलं तर घ्या. दिल्लीपासून आमच्या गल्लीपर्यंत आज प्रत्येक पक्षाला मतदार नकोय, अभिमानी हवाय. मतदार पाच वर्षांनी हिशेब मागतो. अभिमानी पहिल्या खेळाला शिट्टी मारतो आणि पिक्चर पडला तर थिएटरवाल्याला शिव्या घालतो. कटआउटवर दूध ओतायची रीत सिनेमाची, ती आता सभेच्या मैदानात आलीय. मराठीत या जातीला दुसरा शब्द मिळाला, ‘भक्त’. आधी टोमणा होता, नंतर काहींनी तोच छातीवर लावला. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हाच शब्द घेऊन बजावलं होतं की धर्मातली भक्ती मोक्षाकडे नेत असेल, राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. फ्लेक्सवर बाबासाहेबांचा फोटो वरच्या रांगेत असतोच, खाली अभिमानी.

शहापूरची सूनबाई

तुमचा अभिमानी निदान गोड आहे. ‘निषेध’ घ्या की! लग्न होऊन सोलापूरहून इकडे आले तेव्हा कन्नड वाचता यायचं नाही. नणंदेनं बसस्टँडवरची पाटी वाचून दाखवली, ‘धूमपान निषेधिसलागिदे’. मला वाटलं, वा, विडीचा निषेध नोंदवलाय! ओढणारा खाली उभा राहून ओढतच होता म्हणा.

आणि आमच्या आजेसासूबाईंचं तर विचारूच नका. १ नोव्हेंबर तोंडावर आलेला. एकीकडे राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाची तयारी, दुसरीकडे सीमाभागातल्या आपल्या मराठी लोकांचा काळा दिवस. रस्त्यावरून पोलिसांची गाडी भोंगा लावून गेली, ‘निषेधाज्ञे जारियल्लिदे’. म्हातारी उंबऱ्यात लसूण सोलत बसलेली. हातातला गड्डा तसाच ठेवून म्हणाली, “अगं बाई, पोलीसबी निषेध करूलालेत की! चांगलं झालं.” जमावबंदी लागलीय हे तिला पटवायला संध्याकाळ झाली.

निपाणीचा मास्तर

हाहा. पण आजी चुकल्या तरी घसरलेली आपली मराठीच आहे. संस्कृतात निषेध म्हणजे मनाई. कन्नडनं तोच अर्थ ठेवला. निषेधाज्ञे म्हणजे मनाईचा हुकूम, पूर्वीचं १४४ कलम, १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. आपण मराठीत मनाई सोडली आणि नुसती नापसंती उरवली. जुना अर्थ ‘विधिनिषेध’ या जोडशब्दात तेवढा जिवंत आहे. तोही बहुधा नकारातच वापरतो, ‘त्या पुढाऱ्याला कसलाच विधिनिषेध नाही’.

‘खंडन’चंही तसंच बघा. कन्नड पेपरात नेत्यानं एखाद्या गोष्टीचं ‘खंडने’ केलं म्हणजे तिचा निषेध केला. मराठीत खंडन केलं म्हणजे ‘मी तसं बोललोच नाही’. बातमी घाईत उतरवली की चिडलेला नेता सकाळी घूमजाव करणारा होऊन बसतो. अर्थात, दोन दिवसांनी तो तसा होतोच.

पुणेरी मावसभाऊ

फ्लेक्सला हसलेला तो मीच. आणखी एक सांगतो. गल्लीकराचे शेजारी डिसेंबरात अधिवेशनाच्या वेळी सुवर्णसौधला, म्हणजे बेळगावच्या विधानसौधला जाऊन आले आणि चहावर म्हणाले, ‘सचिवांनाच भेटलो.’ मी म्हटलं, आयएएस अधिकारी सहज भेटतात वाटतं इथे! पंधरा मिनिटं आम्ही दोन वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलत होतो.

गल्लीकर, बेळगाव

होय की. कन्नडमध्ये सचिव म्हणजे मंत्री. आपल्या सचिवाला तिकडे ‘कार्यदर्शी’ म्हणतात. पण दादा, पुणेकरांनी यात हसू नये. शिवरायांच्या अष्टप्रधानांतला सचिव, म्हणजे सुरनीस, प्रधानच होता, आणि तुमच्या शेजारच्या भोरचे राजे पंतसचिव म्हणवून घ्यायचे. सचिवाला मंत्रिमंडळातून उठवून मंत्रालयातल्या फायलींमागे आपण बसवलं. उलट ‘पंतप्रधान’ मात्र आपण जपला, कन्नडवाल्यांचा ‘प्रधानमंत्री’ हिंदीसारखा. आमच्या घरी टीव्हीवर एकच माणूस दिसतो, चॅनेल बदललं की हुद्दा बदलतो.

‘शासक’ म्हणजे आमदार, हे एक राहिलंच. मराठीत शासक म्हणजे राज्यकर्ता. काही आमदारांना मराठी अर्थच जास्त आवडत असावा.

खानापूरवाला

सचिव काढलाच आहे तर ‘जिल्हा उस्तुवारी सचिव’ कसा विसरलात? तुमचा पालकमंत्री तो. हा उस्तुवारी फारसीतला, आणि आपल्याकडे तो उस्तवारी होऊन गोठ्यात राहतो. ऊस, म्हैस, बाळंतीण, यांची उस्तवारी करायची असते. वेळेवर चारा, पाणी, अंग पुसणं. जांबोटीकडच्या माझ्या मामाला मी सांगितलं, मामा, सरकारनं आपल्या जिल्ह्याच्या उस्तवारीला एक मंत्री नेमलाय. मामा शेणाची पाटी खाली ठेवून म्हणाला, “मग धार कोण काढूलालाय ते बघ आधी.”