रोबोटच्या पोटात बसलेला माणूस: तुमचे मेका-अनुभव सांगा

कट्टेकरी (धागाकर्ता)

काल संध्याकाळी वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर अंधेरीला चाळीस मिनिटं अडकलो. पुढे टँकर, बाजूला टँकर. रिक्षावाला म्हणाला, "साहेब, आता हिला पाय फुटले तरच घरी पोचाल." मी एकटाच खो खो हसलो, त्याला कळेना काय झालं. जपानी चित्रकथाकार गो नागाई यांनी सांगितलेली गोष्ट अगदी हीच आहे हो. ट्रॅफिकमध्ये अडकले असताना त्यांच्या मनात आलं, गाडीला हातपाय फुटले आणि ती पुढच्या गाड्या ओलांडून गेली तर? त्यातून १९७२ साली 'माझिंगर झी' हा रोबोट निघाला. त्याच्या आधीचा 'तेत्सुजिन २८' रिमोटवर चालायचा. रिमोट ज्याच्या हातात, यंत्र त्याचं. नागाईंनी पोराला उचललं आणि थेट यंत्राच्या डोक्यात नेऊन बसवलं. तेव्हापासून जपानी लोक माणसांना रोबोटमध्ये कोंबतायत आणि आपण जागरणं करतोय.

तर लिहा. मेकाच (असे महाकाय रोबोट) हवं असं नाही, अंतराळ, सायबोर्ग, टाइम मशीन सगळं चालेल. फक्त 'टॉप टेन' याद्या नकोत, त्या कुठेही मिळतात. कुठे पाहिलीत, कोणाबरोबर, काय डोक्यात राहिलं ते सांगा. आणि शेवट फोडू नका. फोडणाऱ्याला वडापाव सर्वांना द्यावा लागेल.

चाळीचा जिना

मी इथला म्हातारा असणार, म्हणून आधी मीच. आमच्या वेळी 'ॲनिमे' (जपानी कार्टून) हा शब्द नव्हता. दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' लागायचा, तोही कार्टून नव्हे, रबरी पोशाखातली माणसं. मनगटावरच्या घड्याळात जॉनी नावाचं पोरगं बोलायचं आणि रोबोट उडत यायचा. गिरगावात आमच्या मजल्यावर एकच टीव्ही, ब्लॅक अँड व्हाइट. त्यांच्या दारात चपलांचा ढीग. संपला की आम्ही सगळे मनगटं तोंडाशी धरून जिन्यावरून खाली. माझ्याकडे अण्णांचं बंद पडलेलं एचएमटी होतं, त्यामुळे जॉनी कायम मीच. बाकीच्यांनी पेनाने काढलेली घड्याळं.

रोबोट फक्त त्या पोराचंच ऐकतो, कारण पहिला आवाज त्याचा नोंदला गेलेला असतो. मला ते फार आवडायचं. घरात तेव्हा माझं कोणीच ऐकत नसे.

मुलाने मागच्या वर्षी 'जायंट रोबो' ही ॲनिमे दाखवली. मूळ कल्पना त्याच मित्सुतेरू योकोयामांची, 'तेत्सुजिन'वाल्या. सात भाग, आणि ते पूर्ण व्हायला १९९२ ते १९९८ इतकी वर्षं लागली म्हणे. चित्रं भव्य आहेत, पार्श्वसंगीत ऑपेराछाप. पण घड्याळ दिसलं तिथे माझा हात आपोआप वर गेला. मुलगा अजून चिडवतो.

पत्रीपूल

कल्याण, २००७. मुंबईत झगमगाट आणि मुलुंडच्या पुढे लोडशेडिंग, ते दिवस. कॉलेजातल्या मित्राने सीड्यांवर राइट करून 'इव्हँजेलियन' दिली होती. घरच्या कॉम्प्युटरला यूपीएस होता, पण बॅटरी पार म्हातारी. लाईट गेली की बरोब्बर पाच मिनिटं. टीं... टीं... टीं... आणि मग अंधार.

ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं कळलं असेल. ईव्हा हे महाकाय यंत्र पाठीला जाडजूड केबल लावून लढतं. केबल तुटली की आतल्या बॅटरीवर पाच मिनिटं, जास्त जोर लावला तर एकच. पडद्यावर आकडे उलटे धावायला लागतात. एकदा ईव्हा चालवणाऱ्या शिंजीची केबल तुटली आणि त्याच वेळी आमच्या गल्लीची लाईट गेली. तिकडे आकडे उलटे, इकडे यूपीएसची टींटीं. मी ओरडलो, "संपव रे लवकर!" स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "मेणबत्ती शोधतेय ना, दोन हात आहेत मला."

सहाव्या भागात तर कहर आहे. शत्रूला लांबून एका गोळीत मारायचं, आणि त्या बंदुकीला सगळ्या जपानची वीज लागणार. मग एकेक शहर काळोखात जातं. बघून पहिला विचार आला, हां, म्हणजे आमची वीज कुठे जाते ते आज कळलं.

त्या मोहिमेचं नाव 'याशिमा'. नंतर शोधलं तर ११८५ सालच्या याशिमाच्या लढाईवरून आहे. नासु नो योइची नावाच्या धनुर्धराने हेलकावणाऱ्या नावेवर लावलेला पंखा एका बाणात पाडला होता. आणि २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर विजेचा तुटवडा आला, तेव्हा जपानी चाहत्यांनी लोकांना दिवे बंद ठेवायला सांगणारी मोहीम चालवली ती याच नावाने. हे वाचलं तेव्हा जरा गप्प झालो होतो. आम्ही अंधारात नुसत्या शिव्या देत होतो.

चौथी सीट

इव्हा चांगली आहे, पण तो शिंजी! सव्वीस भाग रडतो. शेवटचे दोन भाग तर त्याच्या डोक्यातच. दोन कानाखाली ठेवून द्याव्यात असं वाटतं.

माझी शिफारस 'लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज'. जुनी, १९८८ ते १९९७, एकशे दहा भाग. रोबोट नाहीत, ताफेच्या ताफे अंतराळयानं आणि अखंड राजकारण. एका बाजूला राजेशाही, तिचा सेनापती हुशार. दुसऱ्या बाजूला लोकशाही, तिचे नेते कुजलेले, आणि तिच्यासाठी लढणारा यांग वेन-ली ज्याला खरं तर इतिहास वाचत पडायचं होतं. ठाणे ते दादर फास्टने एक भाग होतो. तीन महिने पुरली. चौथ्या सीटवर अर्धा लटकून साम्राज्यं कोसळताना पाहिली आहेत.

आठवीची आई

@चौथी सीट, शिंजी चौदा वर्षांचा आहे हो. वर्षानुवर्षं न भेटलेला बाप बोलावतो आणि काही न सांगता म्हणतो, बस त्यात. माझ्या चौदा वर्षांच्याला मी क्लासची बॅच बदलली तर दोन दिवस जेवला नाही. मी ही मालिका त्याच्यावर नजर ठेवायला म्हणून शेजारी बसून पाहिली, 'हे काय बघतोस' म्हणत. दहाव्या भागापर्यंत तो उठून गेला आणि मी एकटी बघत होते. मला ती शिंजीची वरिष्ठ, मिसातो, कळली. बाहेर धडाधड निर्णय घेणारी आणि घरी फ्रिजमध्ये नुसते बिअरचे कॅन.

शाफ्टमधला

मी सिव्हिलवाला. मेट्रो तीनच्या भुयारात काही वर्षं काढली, साइट कुठली ते सांगत नाही. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, आरे स्टेशन सोडलं तर सगळं जमिनीखाली. तेव्हा रात्रपाळीत एका सहकाऱ्याने 'पॅटलेबर' दिली आणि मी म्हटलं, अरे ही तर आपलीच साइट आहे.

१९८८ पासूनची आहे. त्यात रोबोट ही युद्धाची गोष्टच नाही. 'लेबर' म्हणजे बांधकामाची यंत्रं, आपल्या पोकलेन-जेसीबीसारखी. टोकियोच्या खाडीत प्रचंड भराव चाललाय, 'बॅबिलोन प्रोजेक्ट', त्यासाठी हे लेबर आले. आता यंत्र आलं की कोणीतरी दारू पिऊन ते चालवणार, कोणी चोरणार, कोणी मोर्चा काढणार. म्हणून पोलिसांनाही लेबर द्यावे लागले. ती पोलिसांची तुकडी कुठे? भरावाच्या टोकाला, जिथे कोणी फिरकत नाही. निम्मा वेळ ते जेवणाची ऑर्डर कधी येते याची वाट बघतात. कागद भरतात. यंत्र मोडलं की मेकॅनिक ओरडतात. आठ मीटरचा पोलिसी रोबोट घटनास्थळी चालत जात नाही, ट्रेलरवर आडवा घालून नेतात, आणि ट्रेलर ट्रॅफिकमध्ये अडकतो! पाहताना मी टाळ्या वाजवल्या. आमचे सेगमेंट (भुयाराच्या अस्तराचे काँक्रीटचे तुकडे) घेऊन येणारे ट्रेलर रात्री किती वेळा असे उभे राहिलेत ते मलाच माहीत.

त्यातली नोआ आपल्या लेबरला 'अल्फोन्स' म्हणते. ओरखडा आला तर तिला रडू येतं. सगळे हसतात तिला. मी हसलो नाही. आमच्या टीबीएमना, म्हणजे भुयार खोदणाऱ्या यंत्रांना, नद्यांची नावं होती. वैतरणा, सूर्या, गोदावरी. कागदावर नंबर असायचा, पण शाफ्टमध्ये कोणी नंबर म्हणत नसे. 'आज ती रुसली आहे', 'आज बारा मीटर गेली', असंच बोलणं. खाली उतरवताना नारळ फोडला होता. ब्रेकथ्रूला भिंत पडून कटरहेड पलीकडून दिसलं, तेव्हा आमचा फोरमन, सहा फुटी गडी, त्या चिखलाने भरलेल्या लोखंडाला हात लावून नमस्कार करत होता. मग तिला सुटी करून तुकड्या-तुकड्यांनी बाहेर काढलं. त्या दिवशी मी काही डबा खाल्ला नाही.

भरतीचा, भरावाचा, जुनं शहर पाडून नवं उभं करण्याचा विषय डोक्यात असेल तर मामोरू ओशी यांचे दोन्ही चित्रपट बघा, १९८९ चा आणि १९९३ चा. पहिल्यात रिकाम्या जुन्या वस्त्यांमधून एक पोलीस नुसता चालत राहतो. गोष्ट पुढे सरकत नाही. मला तोच भाग सगळ्यात आवडतो. लालबाग-परळच्या गल्ल्यांतून सर्व्हे करत फिरलेला माणूस तो भाग फॉरवर्ड करणार नाही.

वसईची विंग

मी कॉस्प्लेवाला, म्हणजे पात्रांचे पोशाख करून फिरणारा. 'गंडम विंग' मालिकेतला विंग झीरो हा रोबोट, तोही 'एंडलेस वॉल्ट्झ'मधला, पांढऱ्या पिसांचे पंख असलेला. दोन योगा मॅट, फोमच्या शीटा, हॉट ग्लू आणि बहिणीचं हेअर ड्रायर, जे आता नाही. पंख मिटले तरी चार फूट. गोरेगावला कॉमिक कॉन, म्हणून वसईहून सकाळी मालडब्यात चढलो. मासळीच्या टोपल्या घेतलेल्या दोन मावश्या होत्या. एकीने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या मंडळाचा रे?" मी म्हटलं, मावशी, हा गंडम. ती दुसरीला म्हणाली, "गं, गरुड म्हणतो." आणि सरकून जागा दिली. पंखांना तीन दिवस बोंबलाचा वास होता.

जोडणी मी मामाकडून शिकलो. तो गणपतीच्या देखाव्यांसाठी चलचित्रं बनवायचा, गाडीच्या वायपर मोटरवर मान हलवणारे राक्षस वगैरे. त्याला योकोहामाचा हलणारा गंडम दाखवला. अठरा मीटर उंच, गुडघा वाकवतो, बोटं हलवतो. मामाने तीनदा मागे घेऊन पाहिलं. "कमरेला आधार दिलाय मागून. चालणार नाय तो, पाय उचलल्यासारखं करतोय." बरोबर ओळखलं, खरंच मागे आधाराचा सांगाडा आहे. मग म्हणाला, "छान आहे. विसर्जन कधी?"

३१ मार्च २०२४ ला प्रदर्शन बंद झालं. मामाला सांगितलं, तो नुसता 'हं' म्हणाला.

नवीन खिडकी

वाचतेय, मस्त धागा. गंडम कुठून सुरू करू? इतके आहेत की घाबरायला होतं.

वसईची विंग

@नवीन खिडकी, '००८०: वॉर इन द पॉकेट'. १९८९, फक्त सहा भाग. युद्ध म्हणजे भारी मजा असं वाटणाऱ्या शाळकरी पोराच्या नजरेतून. आधीचं काही माहीत असायला नको. रुमाल जवळ ठेव.

चाळीचा जिना

मुलगा म्हणतो मूळ १९७९ चीच बघा, दिग्दर्शक तोमिनोंची. बावन्न भागांची ठरलेली, लोक बघेनात म्हणून त्रेचाळीसवर गुंडाळली. मग पुनःप्रक्षेपण आणि प्लास्टिकच्या मॉडेलांनी तिला उचललं. वेळ नसेल तर तीन चित्रपटांत तीच गोष्ट आहे. चित्रं जुनाट वाटतील, सवय होते. आणि ते मॉडेल सुरुवातीला १/१४४ मापाचंच घ्या. साधारण पाच इंचांचं होतं, गोंद लागत नाही. आमच्या शोकेसमध्ये आता लग्नातला चांदीचा पेला मागे आणि पुढे चार झाकू, गंडममधले शत्रूचे रोबोट.

सकाळची पाळी

लिहू की नको करत होते.

'प्लॅनेटेस' कोणीच घेतली नाही अजून. २००३ सालची, सव्वीस भाग, माकोतो युकिमुरांच्या मांगावरून (जपानी चित्रकथा). साल २०७५. पृथ्वीभोवती जुन्या उपग्रहांचे तुकडे, स्क्रू, पत्रे फिरतायत. एक साधा स्क्रू प्रवासी यानाच्या खिडकीवर आदळून माणसं मेलेली असतात. म्हणून कचरा गोळा करणारी माणसं. त्यांचं ऑफिस कंपनीच्या तळघरात, माणसं कमी, यान जुनाट. बाकीचे त्यांना 'हाफ सेक्शन' म्हणतात.

माझे बाबा सफाई कामगार होते, पुढे मुकादम झाले. पहाटे चौकीवर हजेरी. शाळेत 'वडील काय करतात' या रकान्यात मी 'नोकरी' लिहायचे. नुसतं 'नोकरी'. कॉलेजात ही मालिका लावली ती अंतराळ आवडतं म्हणून. पहिल्या भागात नवी आलेली तानाबे चकचकीत ऑफिस समजून येते आणि तिला तळघर दाखवतात, तिचा चेहरा पडतो. तो चेहरा मला ओळखीचा होता. माझ्या मैत्रिणी पहिल्यांदा घरी आल्या तेव्हाचा.

यात कोणी जग वाचवत नाही. त्या कचरावाल्यांतल्या हाचिमाकीला स्वतःचं यान घ्यायचंय आणि पगार पुरत नाही. विम्याचे फॉर्म आहेत, वरच्या मजल्यावरच्या साहेबांची बोलणी आहेत. आणि काम करताना मात्र ते इतके नीट असतात. तुकड्याचा वेग जुळवायचा, हळू जवळ जायचं, हात घालायचा. बाबा गटाराचं झाकण उघडताना असेच आधी बाजूला उभे राहायचे.

पत्रीपूल

@सकाळची पाळी, बाबांना दाखवली का?

सकाळची पाळी

दाखवली, निवृत्त झाल्यावर. मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. दोन भाग पाहिले, तिसऱ्याला झोपले. सकाळी चहा घेताना म्हणाले, "त्यांना हातमोजे वेळेवर मिळतात वाटतं."