व्हीटी ते फाउंटन : हॉर्नबी रोडच्या तुमच्या आठवणी सांगा

परवा कामासाठी फोर्टात गेले होते. व्हीटीला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, उतरले तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता आणि छत्री घरी राहिलेली. तरीही फाउंटनला पोचेपर्यंत डोकं कोरडं होतं. गल्ल्या ओलांडताना काय भिजले असेन तेवढंच. दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून जे रोज चालले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. वर ऑफिसं, खाली दुकानं, आणि दोहोंच्या मध्ये चालणाऱ्यासाठी राखलेली छपराची वाट.

नवीन वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत पाडली गेली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवं शहर उभं राहायला लागलं. त्यातला हा मुख्य रस्ता. एका टोकाला क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. दुसऱ्या टोकाला फ्लोरा फाउंटन, म्हणजे हुतात्मा चौक. मधोमध बोरीबंदर, म्हणजे व्हीटीचाच परिसर. अंतर म्हणाल तर दीडेक किलोमीटर. विल्यम हॉर्नबी हा १७७१ ते १७८४ या काळातला इथला गव्हर्नर, त्याचं नाव रस्त्याला होतं. पुढे ते जाऊन दादाभाईंचं आलं. १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेलेला आणि हिंदुस्थानातली संपत्ती कशी वाहून नेली जाते याचा आकड्यांनिशी हिशेब मांडणारा माणूस. फाउंटनजवळ त्यांचा पुतळा १९२५ पासून आहे. गव्हर्नराच्या जागी त्यांचं नाव लागलं, याचा मला त्या पाटीखालून जाताना दर वेळी आनंद होतो.

इमारतींची यादी कुठेही मिळेल. तुम्ही त्या रस्त्यावर काय करत होतात, कोणाबरोबर चालत होतात, ते लिहा.

ठाण्याहून, निवृत्त टंकलेखिका

मी १९७४ ते २००५ या काळात फोर्टातल्या एका खासगी कंपनीत होते. एकतीस वर्षं सकाळी व्हीटीला उतरून चालत ऑफिस आणि संध्याकाळी चालत परत. बसची रांग लावण्यापेक्षा चालणं बरं असायचं, आणि पैसे वाचायचे ते वेगळेच.

सकाळी त्या रस्त्यावर पाहण्यासारखं काही असतं हे मला पहिली दहा वर्षं माहीतच नव्हतं. नजर घड्याळावर असायची. तिसऱ्या लेटमार्कला अर्धा दिवस कापायचे. गाडी उशिरा आली हे कारण आमच्या साहेबांपुढे चालत नसे. धाकट्याच्या वेळी सातवा महिना होता, धावता येत नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा मी हळू चालले. एका कमानीखाली खांबाला टेकून दम खाताना वर पाहिलं, तर खांबाच्या माथ्यावर दगडात पानं कोरलेली. प्रत्येक पानाची शीर वेगळी. पुढच्या खांबावरची पानं आणखी निराळी. त्या दिवशी माझा अर्धा दिवस कापला गेला. पण त्यानंतर मी रोज एक तरी खांब नीट पाहून पुढे जायचे.

संध्याकाळची गोष्ट वेगळी. आम्ही चौघी असायचो. महिनाअखेरीला नुसतं काचेतून बघायचं आणि पगार झाला की खादी भांडारात शिरायचं. ती इमारत मूळची व्हाइटअवे लेडलॉ या विलायती कापडाच्या बड्या दुकानाची. विलायती कापडाच्या त्याच जागी पुढे खादी विकली जात होती, हे मला फार नंतर कळलं. लेकीच्या बारशाचं झबलं मी तिथल्याच कापडाचं शिवलं होतं.

बोरिवलीहून, जेजे स्कूल ऑफ आर्ट या कलाशाळेचा जुना विद्यार्थी

आमची पहिल्या वर्षाची स्केचिंगची सकाळ म्हणजे क्रॉफर्ड मार्केट. कॉलेजच्या फाटकातून निघालं की पाच मिनिटांत पोचता येतं. प्रवेशद्वारावरची शिल्पं लॉकवुड किपलिंगची. तो आमच्याच शाळेत शिकवायला होता आणि त्याचा मुलगा रुडयार्ड १८६५ साली आमच्याच आवारात जन्मला. मार्केट उभं राहिलं १८६९ साली, आराखडा विल्यम इमर्सनचा. भिंतींचा पिवळसर दगड कुर्ल्याचा आणि तांबडा वसईचा.

शिल्पात शेतकरी आहेत, गव्हाचं शेत आहे. मी ते काढत बसलो होतो. सरांनी मागून येऊन वही पाहिली आणि म्हणाले, "वरचे शेतकरी काढलेस, खालचे कुठे आहेत?" खाली पाटीवाले होते. डोक्यावर आंब्याच्या पेट्या, मानेच्या शिरा ताणलेल्या, एक हात पाटीला आणि दुसरा वाट करायला पुढे. वरच्या दगडी माणसांच्या मानाही तशाच ताठ आहेत, हे तेव्हा लक्षात आलं. आज मी स्वतः चित्रकला शिकवतो आणि मुलांना तिथेच घेऊन जातो.

व्हीटीच्या भिंतींवरचे प्राणी, पक्षी, पानंफुलं यांचं बरंचसं काम आमच्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी तिथेच शिकवणाऱ्या जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली केलं. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ ची. स्टीव्हन्सचं नाव सगळे घेतात. ज्या मुलांनी तिथला मोर घडवला त्यांची नावं घ्यायची म्हटली तरी आपल्याकडे नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

नायगावहून

माझ्या वडिलांची गोष्ट सांगतो.

हॉर्नबी रोडबद्दल बोलताना गॉथिक, सारासेनिक अशा बांधकामशैलींची सगळी चर्चा होते आणि सिद्धार्थ कॉलेज राहून जातं. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ला काढली आणि सिद्धार्थ १९४६ च्या जूनमध्ये सुरू केलं. आनंद भवन आणि बुद्ध भवन ही त्याची घरं याच रस्त्यावर, बँका आणि विमा कंपन्यांच्या रांगेत आहेत. नोकरी करणाऱ्या मुलाला शिकता यावं म्हणून तिथे सकाळचे वर्ग होते. ही सोय माझ्या वडिलांना मिळाली म्हणून आज मी हे लिहितो आहे.

वडील १९६१ ला लागले. बीडीडी चाळीतल्या एका खोलीत नऊ माणसं. पहाटे उठायचं, सार्वजनिक नळावर आंघोळ उरकायची, दादरहून ट्राम पकडून बोरीबंदरला उतरायचं. वर्ग संपला की धावत एका सरकारी कचेरीत, तिथे ते शिपाई होते. अभ्यास कधी करायचे, असं मी विचारलं होतं. म्हणाले, वर्ग आणि कचेरी यांच्यामध्ये वीस मिनिटं मिळायची, ती कमानीखाली. पाऊस असो, ऊन असो, तिथल्या एका पायरीवर बसून काल लिहिलेल्या नोट्स वाचायच्या. दुकानं उघडायला वेळ असायचा, कोणी उठवत नसे.

त्याच कमानीखाली एक पेनवाला बसायचा. लाकडी पेटीत निबा, जीभा, शाईच्या बाटल्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी वडिलांच्या पेनची निब वाकली. खिशात परतीच्या ट्रामपुरते पैसे होते. पेनवाल्याने निब बदलली, पैसे मागितले नाहीत, म्हणाला, "पास झालास की दे." वडील त्या दिवशी चालत घरी आले असते तरी चाललं असतं, पण त्याने ट्रामचे पैसे वाचवले. निकाल लागल्यावर वडिलांनी जाऊन पैसे दिले आणि वर एक पेढा दिला.

शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली. वडील बघायला गेले होते, गर्दीत आत शिरता आलं नाही. पुढच्या वर्षी ते बीए झाले. बाबासाहेबांच्या संग्रहातली पुस्तकं त्या कॉलेजच्या ग्रंथालयात आहेत, हे ते आम्हा भावंडांना इतक्यांदा सांगायचे की धाकटीला लहानपणी वाटायचं, बाबासाहेब अजून तिथेच वाचत बसलेले असतील.

सांगलीहून

आमच्यासाठी हा रस्ता म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून उतरून समोरच्या आरामचा वडापाव. वडील मंत्रालयातल्या कामासाठी आणायचे. काम कधी व्हायचं, कधी नाही. वडापाव मात्र दर वेळी.

पुण्याहून, वास्तुरचनाकार

कमानींबद्दल दोन शब्द, कारण माझं उमेदवारीचं पहिलं काम याच रस्त्यावर होतं.

त्या कमानी कोणा एका वास्तुरचनाकाराला सुचलेल्या नाहीत. १८९६ च्या नियमाने रस्त्याला लागून बांधणाऱ्याला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानदार वाट ठेवणं भाग पडलं. म्हणून इथे एक इमारत गॉथिक, शेजारची नवअभिजात, त्यापुढची घुमटांची, तरी खालून चालणाऱ्याला सगळा रस्ता एकच वाटतो. वर ज्याला जशी हवी तशी हौस, पण खाली जागा सोडायचीच. असा नियम आज आपण करू शकू का, हा प्रश्न मला फार छळतो.

मी रुजू झालो तेव्हा त्या कमानी दिसतच नव्हत्या. दुकानांच्या पाट्या एकावर एक चढत दुसऱ्या मजल्यापर्यंत गेल्या होत्या. पाटी कमानीच्या आत बसेल एवढीच ठेवावी, यासाठी आम्ही दुकान-दुकान फिरलो. मी मोजमापं घ्यायचो. शिडी, टेप आणि एक वही. एक कापड दुकानदार काका आठ महिने नाही म्हणत होते. पाटी लहान केली तर गिऱ्हाईक कमी होईल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. शेवटी तयार झाले. पाटी उतरवली तर मागे कबुतरांची घरटी, तीस वर्षांची काजळी, आणि कमानीच्या माथ्याच्या दगडात एक मुखवटा. नाक शाबूत, दाढीचे कुरळे शाबूत. काका खुर्ची रस्त्यावर घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे बघत होते. पुढचा महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी बाहेर नेऊन तो चेहरा दाखवायचे.

या कामाला २००४ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी व्हीटी जागतिक वारसा यादीत गेलं. आता उरलाय तो फेरीवाल्यांचा वेढा. चालायची वाट चालणाऱ्याला परत मिळायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

कल्याणहून

वरचा अनुभव आवडला, शेवटची दोन वाक्यं सोडून. माझे वडील त्या वेढ्यातले एक. १९८३ पासून कमानीखाली कॅल्क्युलेटर आणि पाकिटं विकायचे. एका फळीवर कापड अंथरून केलेला धंदा. महापालिकेची गाडी आली अशी हाक आली की चारी टोकं धरून गाठोडं खांद्यावर आणि पळायचं. मी आठवीत असताना एकदा त्यांच्याबरोबर होतो. एका टोकाची पकड माझ्याकडे होती, ती सुटली. सतरा कॅल्क्युलेटर रस्त्यावर सांडले, बसच्या चाकाखाली गेले. वडील मला एक शब्द बोलले नाहीत. घरी जाताना गाडीत मला खिडकी दिली.

मी त्याच पैशांवर इंजिनियर झालो. वाट मोकळी असावी, हे मान्य. माझी आईही तिथून चालताना अडखळायची. पण तुमच्या १८९६ च्या नियमात चालणाऱ्याचा विचार झाला होता, बसणाऱ्याचाही कुठेतरी व्हायला हवा होता. वडिलांनी त्या खांबाला कधी खिळा ठोकला नाही. शेजारच्याने ठोकायला घेतला तेव्हा त्यांनी हात धरला होता.

गिरगावहून

फाउंटनबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. फ्लोरा ही रोमन पुष्पदेवता. हे कारंजं १८६४ चं, नॉर्मन शॉचा आराखडा, जेम्स फोर्सिथची घडण, दगड इंग्लंडातला पोर्टलंडचा. ते मुळात भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी होतं, बसलं इथे.

माझे आजोबा मात्र त्या देवतेकडे पाहायचे नाहीत. ते गिरणी कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं निघाली, काही चर्चगेटकडून आणि काही बोरीबंदरकडून. आजोबा बोरीबंदरकडच्या लोंढ्यात, म्हणजे याच रस्त्याने. गोळीबार झाला तेव्हा ते एका खांबामागे होते. शेजारचा माणूस खाली बसला आणि उठला नाही. आजोबांना त्याचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. त्या लढ्यात शंभरावर माणसं गेली, तेव्हा मुंबईसह महाराष्ट्र झाला. आता चौकात हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. आजोबा दर १ मे ला तिथे जायचे, त्या खांबाला हात लावायचे, मग स्मारकाकडे. आम्ही विचारायचो, आधी खांबाला का? म्हणायचे, "मी ह्याच्यामुळं हाय."

ठाण्याहून, निवृत्त टंकलेखिका

नायगावच्या दादांना एक विचारायचं आहे. तो पेनवाला चष्मा दोऱ्याने बांधायचा का? पेटीच्या झाकणावर आतून गणपतीचं चित्र चिकटवलेलं? माझ्या मोठ्याच्या दहावीला मी त्याच्याकडूनच निब बसवून घेतली होती. म्हातारा झाला होता, हात थरथरायचा, पण निब एका दमात बसवायचा.

नायगावहून

ताई, वडिलांना वाचून दाखवलं. ते ऐंशीच्या पुढचे आहेत, ऐकायला कमी येतं, दोनदा वाचावं लागलं. चष्मा नव्हता म्हणतात, तेव्हा तो तिशीतला असेल. गणपती मात्र होता. मग बराच वेळ गप्प होते. २०१८ ला कारंज्याच्या दुरुस्तीत ट्रामचे जुने रूळ सापडले तेव्हा मी त्यांना दाखवायला नेलं होतं. पत्र्याच्या फटीतून पाहून म्हणाले होते, "माझी ट्राम इथवर नव्हती, मी बोरीबंदरलाच उतरायचो." आज स्वतःहून म्हणाले, रविवारी गर्दी कमी असते, पायरी कुठली ते दाखवतो. येताना तुमचं पेन आणा.