अनुभव धागा : वाईच्या कृष्णाकाठच्या आळ्या, जुन्या घरांचा माग कसा काढायचा?

गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, गंगापुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. घर कधीचे, कोणाचे, कोण राहायचे, हे शोधताना काय उपयोगी पडते आणि घोडे कुठे अडते ते लिहा. दंतकथा नकोत.

जोते-तुळई
गणपती आळीत सुरुवात ढोल्या गणपतीपासून करा, त्याचे वर्ष पक्के आहे : 1762, बांधणारे गणपतराव रास्ते. मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून. घरांना अशी तारीख नसते. लोक काळ्या दगडाच्या जोत्यावरून अख्ख्या वाड्याचे वय सांगून मोकळे होतात. पुरात मातीची भिंत भिजून बसते, जोते राहते, वरचे पुन्हा उभारतात. खांब-तुळयांवर विनाकारण खाचा दिसल्या तर लाकूड दुसऱ्या घराचे असण्याचा संभव धरा.

सिटी सर्व्हे
नगर भूमापन (सिटी सर्व्हे) क्रमांक काढा, मग मालमत्ता पत्रक, म्हणजे त्या जागेच्या धारकांचा सरकारी उतारा. त्यावरचे फेरफार (धारक बदलल्याच्या नोंदी) उलट्या क्रमाने, अलीकडून मागे वाचा. पत्रकावर जुना धारक सापडला नाही तर मूळ चौकशी नोंदवही (पहिल्या भूमापनावेळी धारक ठरवताना केलेली) मागा. नगरपालिकेचा घर क्रमांक वेगळा असतो आणि तो बदलतो. दोन्हींची सांगड नकाशावर घातल्याशिवाय पुढे जाऊ नका. एका वाड्याच्या वाटण्या झाल्या की एकाच दारामागे चार क्रमांक निघतात.

भोगवटादार
वरच्यात एक भर. मालमत्ता पत्रकावर भाडेकरू नसतो. 'कोण राहायचे' हा प्रश्न असेल तर घरपट्टीची आकारणी नोंदवही पाहा, तिथे मालकाबरोबर भोगवटादाराचाही रकाना असतो. मालक पुण्यात आणि घरात बिऱ्हाडे, हा प्रकार फार.

मोडी-जमाखर्च
आळ्यांचा खरा खजिना म्हणजे कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवाचे जमाखर्च. प्रत्येक आळीचा उत्सव वेगळा, म्हणून वह्याही वेगळ्या. जिथे टिकल्यात तिथे वर्गणीची यादी ही त्या वर्षीची जवळजवळ शिरगणतीच. जवळजवळ म्हणायचे कारण, बाहेरगावी गेलेलेही वर्गणी धाडतात, आणि न देणारी घरे यादीतून गळतात. 'हस्ते' पुढचे नाव बहुधा पैसे आणून देणाऱ्याचे असते, घरमालकाचे नव्हे.

तारखांत हमखास घोळ होतो. शकात 78 मिळवून इसवी सन काढायची सवय असते, पण उत्सव माघ-फाल्गुनातला, तिथे सहसा 79 मिळवावे लागतात. पेशवाईतल्या कागदावर सुहूर सन (मृगापासून सुरू होणारी जुनी कालगणना) असेल तर जून ते डिसेंबर 599 मिळवा, जानेवारीपासून मृगापर्यंत 600. सनाचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात, एकक आधी. 'इसन्ने' म्हणजे दोन, 'सितैन' म्हणजे साठ, एवढे ओळखू आले तरी निम्मे काम झाले.

घाटवाला
शिलालेखावर खडू किंवा तेल फासू नका. ओल्या फडक्याने पुसा, विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाका, पट्टी ठेवून फोटो घ्या. ऑइलपेंटने बुजलेली अक्षरे खरवडू नका, दगडाचा पापुद्रा निघतो.