थुंकीवरून कळतं का, औषध अंगातून किती लवकर जातं?

परभणीकर मामा: भाचीला फिटसाठी कार्बामाझेपिन चालू आहे, लेव्हल बघायला सारखं रक्त काढायलेत, लेकरू सुई दिसली की आईच्या पदरात तोंड खुपसतं. थुंकीवर भागत नाही का?

लातूरची फार्मासिस्ट: भागतं की दादा. थुंकीत रक्तातल्या प्रोटीनला न चिकटलेलं औषधच उतरतं म्हणून आकडा रक्तापेक्षा लई कमी येतो, घाबरू नका. वेगवेगळ्या वेळचे दोन नमुने घेतले अन् 12 तासात निम्मं झालं तर हाफ लाइफ 12 तास, पण क्लिअरन्स, म्हणजे अंगातून औषधाचा निचरा किती वेगानं होतो ते, काढायला औषध अंगात किती पसरतं तेबी लागतं. गोळी चघळल्यावर लगेच नमुना नको, तोंडातलं औषध मिसळतं.

नांदेडहून: फेनिटॉइन (फिटचंच दुसरं औषध) असेल तर हे गणित चालत नाही, डोस वाढला की निचरा मंदावतो. डॉक्टरला विचारल्याबिगर डोस हलवू नका मामा.