'लाभार्थी'ला दुसरा शब्द आहे का?

नीराकाठ:
आमच्या गटातर्फे एकट्या राहणाऱ्या बायकांसाठी चार पानी माहितीपत्रक काढतोय. संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, रेशन, एसटीची सवलत. कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो, एवढंच. सरकारी मजकुरात दर दुसऱ्या ओळीला 'लाभार्थी' येतो आणि तो तसाच उचलून छापायला हात धजत नाही. 'नागरिक' घालून पाहिलं, तर आमच्यातलीच एक जण म्हणाली, "ताई, म्हणजे साठीच्या पुढच्याच का?" तिचं काही चुकलं नाही. बोलण्यात 'नागरिक' येतो तो 'ज्येष्ठ'ला चिकटूनच. एरवी तो पोलिसांच्या आवाहनात नाहीतर नगरपालिकेच्या पाणीकपातीच्या सूचनेत.
पर्याय हवाय. आणि 'लाभार्थीने' की 'लाभार्थ्याने', तेही सांगा.

जुनी वही:
आधी सोपं ते. विद्यार्थी–विद्यार्थ्याने, तसं लाभार्थी–लाभार्थ्याने, लाभार्थ्यांना. स्त्रीलिंगी रूप खरं तर 'लाभार्थिनी' व्हायला हवं, पण ते लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. सगळे 'महिला लाभार्थी' लिहून मोकळे होतात.
आता अर्थ. अर्थी म्हणजे इच्छा धरणारा, मागणारा. विद्यार्थी, परीक्षार्थी, शरणार्थी, सगळे काहीतरी मिळवायला निघालेले. परीक्षा संपली की परीक्षार्थीपण संपतं. लाभार्थ्याचं मात्र संपत नाही. अनुदान मंजूर होऊन दहा वर्षं झाली तरी बाई 'अर्थी'च.
याच्या शेजारी पाटबंधारे खात्याची भाषा ठेवा. कालव्याखाली जमीन असली की तुम्ही 'लाभक्षेत्रातले लाभधारक'. पाणी सरकारी, कालवा सरकारी, पण तुम्ही धारक! जमिनीच्या मागोमाग खातेदार, भूधारक, हिस्सेदार असे सगळे 'दार' आणि 'धारक' येतात. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो अर्थी. (शिधापत्रिकाधारक हा अपवाद. तिथे निदान हातात कार्ड तरी असतं.)

रावसाहेब नव्हे:
'नागरिक'ची जन्मकथाही गमतीची आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नागरिक म्हणजे शहरावर देखरेख ठेवणारा अधिकारी. म्हणजे मुळात हा खिडकीच्या आतला माणूस, नंतर कधीतरी खिडकीबाहेर रांगेत आला.
आपला जुना शब्द 'रयत'. तो अरबीतला, आणि त्याचं मूळ राखणे, चारणे यात आहे. रयत म्हणजे राखलेला कळप. हिंदीतला 'रियायत' त्याच धातूचा. आपण तिथे 'सवलत' म्हणतो. सांभाळ करणारा वर आणि सांभाळले जाणारे खाली, ही मांडणी शब्दातच आहे. 'लाभार्थी' दिसायला संस्कृत असला तरी आतून रयतच.

बालाघाट:
इथे सगळे कोश उघडून बसलेत म्हणून लिहितो. आमच्याकडे या पैशाला शब्द आहे, आणि तो कुणी सुचवायची वाट पाहत बसलेला नाही. 'पगार'.
"काय माय, पडला का पगार?" "औंदा दोन महिन्याचा संगंच पडला." बँकेच्या ग्राहक सेवा केंद्राबाहेर उभे राहा, हेच ऐकू येईल. निराधारचा पगार, श्रावणबाळचा पगार. अंगठ्याचं यंत्र समोर येतं, चार वेळा बोट टेकवूनही ठसा उमटत नाही, कारण खुरपून खुरपून रेषाच गेल्यात. पोरगा ओल्या फडक्याने बोट पुसतो, परत टेकवायला सांगतो. एकदा तिथल्या नव्या मुलाने एका म्हातारीला समजावलं, "आजी, हा पगार नाही, अनुदान असतं." ती म्हणाली, "मग इतकी वर्षं खुरपलं ते काय फुकट?"
मुलगा गप्प बसला. माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

दोन कप:
किस्सा छान आहे, पण पत्रकात 'पगार' लिहू नका. पगार म्हणजे नोकरी, हजेरी, मालक. उद्या कुणी विचारेल, पगार आहे तर बोनस कुठे? 'निवृत्तिवेतन' हा बरा शब्द आहे. श्रावणबाळच्या अधिकृत नावात तो आहेच, 'सेवा राज्य निवृत्तीवेतन'. (ऱ्हस्व-दीर्घाला हात लावत नाही.)

बालाघाट:
दोन कप, निवृत्त व्हायला आधी रुजू व्हावं लागतं ना? शेतमजूर बाई कुठल्या तारखेला रुजू झाली आणि कुठल्या तारखेला निवृत्त? 'पगार' मूळचा पोर्तुगीज, अर्थ नुसता 'पैसे चुकते करणे'. म्हातारीच्या मनात तेच आहे. तिचं येणं होतं, ते चुकतं केलं.

भाऊबीज:
मला दुसरंच काही सांगायचंय, नात्याच्या शब्दांबद्दल. २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' आली. महिना १५००, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. त्याआधी, २०२३ पासून, निराधारचं अनुदानही महिना १५००च झालेलं होतं. तिथे मर्यादा मात्र वर्षाला २१,०००, आणि ही योजना १९८० पासूनची. रक्कम तीच. एकीला नाव 'लाडकी', दुसरीला 'निराधार'. एकीचं नाव नात्यावरून पडलं, दुसरीचं नात्यांच्या अभावावरून. (परित्यक्ता, विधवा, निराधार: अर्जावर खूण करायचे सगळे शब्द कोण नाही ते सांगतात. 'एकल महिला' हा शब्द बायकांच्या संघटनांनी रुजवला तो यावरचा उतारा म्हणूनच.)
आता 'बहीण' घ्या. आपल्याकडे भावाकडून बहिणीला दोन गोष्टी मिळू शकतात. एक ओवाळणी, दुसरा वाटा. ओवाळणी भावाच्या ऐपतीवर आणि मर्जीवर, वाटा कायद्याने. महाराष्ट्राने १९९४ मध्येच वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, केंद्राचा कायदा २००५ चा. आणि प्रत्यक्षात होतं काय? तलाठ्याकडे, दुय्यम निबंधकाकडे बहिणी रांगेने हक्कसोडपत्रावर सह्या करतात. का, तर माहेर तुटू नये म्हणून. वाटा सोडायचा आणि ओवाळणी घ्यायची. ज्या बहिणीने वाटा मागितला तिची भाऊबीज त्या वर्षीपासून बंद, हे प्रत्येक गावाला माहीत आहे.
सरकारने स्वतःला भाऊ म्हणवून घेतलं की मला ते हक्कसोडपत्र आठवतं. भावाकडे पावती मागता येत नाही आणि अपीलही करता येत नाही. तेव्हा कितीही गोड वाटला तरी नात्याचा शब्द पत्रकात नको.

नीराकाठ:
भाऊबीज, तुमचं म्हणणं पटलं, पण एक अडचण आहे. आमच्या गटातल्या दोघी-तिघींना 'लाडकी बहीण' हे नाव मनापासून आवडतं. "आयुष्यात पहिल्यांदा कुणी लाडकी म्हणालं," असं एक जण म्हणाली. तिला काय सांगू?

भाऊबीज:
काही सांगू नका. तिचं खरंच आहे.

गोळ्यांचा डबा:
मी आशा आहे (ही सही नव्हे, काम). शब्दांचाच विषय आहे तर आमच्याही शब्दाकडे बघा. 'मानधन'. आशा 'स्वयंसेविका', अंगणवाडीत 'सेविका' आणि 'मदतनीस'. अंगणवाडी योजना १९७५ ची, पण त्या बायकांना मिळतं ते अजून मानधन. पगार म्हटलं की कामगार आला, कामगार आला की भविष्यनिर्वाह निधी आला.
२०१८ मध्ये याच सेविकांना मेस्मा (संपाला मनाई करणारा कायदा) लावला होता, बराच गदारोळ झाल्यावर स्थगिती दिली. मेस्मा कुणाला लागतो? अत्यावश्यक सेवेला. संप केला की अत्यावश्यक, पैसे मागितले की स्वयंसेविका! २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेला अंगणवाडीचा संप जानेवारीत मिटला, त्यात मागणी पैशाची होती तशीच शब्दाचीही होती: मानधन नको, वेतन द्या. त्याआधी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटी लागू होते म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे जरा धुगधुगी आली.
म्हणजे बालाघाटांच्या आजी ज्याला पगार म्हणतात त्याला सरकार अनुदान म्हणतं, आणि आम्ही ज्याला पगार म्हणा म्हणतो त्याला मानधन. देणाऱ्याच्या तोंडी हा शब्द यायला इतका जड का जातो, यावर कुणीतरी लिहा. मला आत्ता गृहभेटीला जायचंय.

पिंपळपार:
सगळी चर्चा सरकार एके सरकार चाललीय. पूर्वी गाव सांभाळायचं माणसांना. आंधळ्या-पांगळ्याला, पोरक्या पोराला उपाशी ठेवत नसत. 'सांभाळणे' किती सुंदर क्रियापद आहे! 'केअर' म्हटलं की ब्युरोच्या मावशी डोळ्यांपुढे येतात, बारा तासांची पाळी आणि महिन्याचा दर.

जुनी वही:
पिंपळपार, ब्युरोच्या मावशींना नावं ठेवू नका. निदान दर ठरलेला असतो. गावाच्या सांभाळाचाही दर होता, फक्त तो जातीप्रमाणे बदलायचा. बलुतं हा शब्द घ्या. खळ्यावर धान्याचा वाटा मिळायचा, त्याला 'हक्क'ही म्हणत. पण तो हक्क अंगाला चिकटलेल्या कामासकट यायचा, आणि काम सोडायची सोय नव्हती. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं ते उगाच नाही. वतन म्हणजे वरून मान आणि खालून वेठ.

माडाखाली:
गोव्यातून दोन ओळी. आमच्याकडे गावाच्या सामाईक जमिनीची 'गावकरी' होती, पोर्तुगिजांनी तिला 'कोमुनिदाद' केलं. उत्पन्नातून गावकारांना दरवर्षी हिस्सा मिळायचा. पण गावकार म्हणजे गावात राहणारा नव्हे. मूळ घराण्यांतले पुरुष तेवढे गावकार. शेजारी तीन पिढ्या राहिलेला मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) त्यात नाही, आणि गावकाराची बायकोही नाही.
आता दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे, महिना २,०००, अट गोव्यात १५ वर्षं वास्तव्याची. घराणं गेलं, वास्तव्य आलं. मला हा बदल मोठा वाटतो.

बालाघाट:
वास्तव्याची गोष्ट निघालीच म्हणून. महाराष्ट्रात निराधारलाही १५ वर्षांचा रहिवास लागतो. आपण इथे 'नागरिक' या शब्दावर घाम गाळतोय, खिडकीवर तो कुणी विचारतच नाही. विचारतात रहिवासी दाखला.
आणि दाखला कुणाला मिळत नाही? जो राहतच नाही, फिरतो त्याला. विमुक्त आणि भटक्या जमातींना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांच्या आज्याचं बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर होतं त्यांनी १९६१ सालचा पत्ता आणायचा. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या 'विमुक्त' झाल्या. पोलिसांच्या वहीत नोंद होती तेव्हा हजेरी द्यावी लागायची. ती नोंद गेली आणि दुसरी कुठलीच झाली नाही.
ऊसतोडीचंही तेच. सहा महिने कारखान्यावर. तिकडे मोजणीत बाई माणूस नसते, नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्याला. गावी हयातीच्या दाखल्याची मुदत लागते तेव्हा ती फडात असते. तेव्हा नीराकाठ, 'रहिवासी' हा शब्दही जपून वापरा.

रावसाहेब नव्हे:
घटनेकडे या की. सगळे हक्क फक्त नागरिकांचे नाहीत. १९वं कलम नागरिकांना आहे, पण १४वं आणि २१वं कुठल्याही 'व्यक्ती'ला. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्येही 'पात्र व्यक्ती' असाच शब्द आहे. थोडा कोरडा आहे, पण कुणाच्या उपकाराचा वास त्याला येत नाही. आणि बेकारी, म्हातारपण, आजारपण, अपंगत्व यांत मदत मिळण्याचा विषय ४१व्या कलमात आहे. मराठी मसुद्यात 'लोकसहाय्य' हा शब्द वापरलाय. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, कोर्टात जाऊन वसूल होत नाही आणि 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' ही मेख मारलेली आहेच. पण हक्क म्हणून नोंद आहे.

दोन कप:
'लोकसहाय्य' कुणाला कळणार? लोकांनी केलेलं की लोकांना केलेलं?

रावसाहेब नव्हे:
दोन्ही अर्थ निघतात, म्हणून तर आवडतो.

नीराकाठ:
सगळ्यांचे आभार. काल गटात बसून ठरवलं. जिथे अर्जाचा नमुना जसाच्या तसा छापलाय तिथे 'लाभार्थी' ठेवलाय, कारण खिडकीवर तोच वाचता आला पाहिजे. बाकी सगळीकडे शब्दच काढून टाकला. 'लाभार्थ्याने हयातीचा दाखला सादर करावा' याच्या जागी 'हयातीचा दाखला वेळेत द्या, नाहीतर पैसे थांबतात'. 'तुम्ही' म्हटलं की नामाची गरजच पडत नाही. मराठी क्रियापद माणसाला आत घेऊन येतं.
एका ठिकाणी मात्र नाम लागलंच, पहिल्या पानावरच्या मथळ्यात. आधी 'हक्काचं अनुदान' लिहिलं होतं. बायकांना वाचून दाखवलं तर एकीने 'अनुदान'वर बोट ठेवलं आणि म्हणाली, पगार लिहा की. 'हक्काचा पगार' केलंय. दोन कप, तुमची माफी. खाली बारीक अक्षरात 'शासकीय नाव: अनुदान' दिलंय. अनुदान अडलं तर दाद कुठे मागायची, तहसीलदार आणि मग प्रांत, ते शेवटच्या पानावर ठळक टाइपात.

दोन कप:
माफी कसली. बोनस मागायला आल्या की मला कळवा.

जुनी वही:
पत्रकात विभागाचं नाव टाकणार असाल तर 'सामाजिक न्याय व विशेष सहाय्य' असंच छापा. 'साहाय्य' करू नका. दोन्ही रूपं चालतात, पण नाव त्यांचं आहे.

गोळ्यांचा डबा:
छापून झालं की पंचवीस प्रती मला पाठवा. माझ्या वस्तीत लागतील.