युद्ध कुरुक्षेत्रावरचं की मनातलं?

पाऊलवाट:
पुराणांतल्या युद्धकथा मी स्वतःच्या मनाची गोष्ट म्हणून वाचतो. हा अर्थ कुणी बाहेरून चिकटवलेला नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट बघा: समोर सैन्य उभं आहे आणि कृष्ण ज्याला मारायला सांगतो तो शत्रू 'कामरूप', म्हणजे वासनेच्या रूपातला आहे. दुर्गासप्तशतीतला रक्तबीज असुर घ्या. रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा असुर उभा. नुसते घाव घालून तो संपत नाही, काली त्याचं रक्त खाली पडूच देत नाही तेव्हा संपतो. ज्याने राग दडपून पाहिलाय त्याला हे लगेच पटेल. एका जागी दाबला की दहा जागी उगवतो.

सांजवारा:
साफ अमान्य. भीष्म म्हणजे अहंकार, द्रोण म्हणजे संस्कार असा तक्ता मांडला की माणसं नाहीशी होतात. महाभारताच्या स्त्रीपर्वात उत्तरा अभिमन्यूच्या देहाशी बोलते, ती कुठल्या विकारासाठी रडतेय? धृतराष्ट्र युधिष्ठिराला मेलेल्यांचा आकडा विचारतो, तो काय दुर्गुणांचा? आणि आजोबा, गुरू हे विकारच असतील तर अर्जुनाचा विषादही खोटा ठरतो.

पाऊलवाट:
तक्त्याबद्दलचं मान्य, तो मलाही आवडत नाही. विषादाचं मात्र नाही. विकारही आप्तच असतात हो! ज्या सवयींनी आपल्याला वाढवलं, सांभाळलं, त्यांच्यावर शस्त्र उचलताना हात थरथरणारच. मला तर पहिला अध्याय असा वाचल्यावरच अर्जुन कळला.

उंबरठा:
हा वाद जुना आहे. गांधीजींना कुरुक्षेत्र माणसाच्या हृदयात दिसलं. टिळकांनी 1910-11 मध्ये मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं, त्यांना त्याच गीतेत कर्मयोग दिसला, म्हणजे जगातलं कर्तव्य. मला तुकोबा जवळचे वाटतात: 'रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग'.

पाऊलवाट:
तेच तर म्हणतोय मी!

सांजवारा:
पुढचा चरण सोडू नका. 'अंतर्बाह्य जग आणि मन'. तुकोबांनी जग आधी घेतलंय. माझी भीती तिथेच आहे. सगळं मनातलं म्हटलं की बाहेरच्या अन्यायाशी भांडायची गरज उरत नाही, आणि बाहेर सांडलेल्या रक्ताचा जाबही कुणी विचारत नाही. अश्वत्थाम्याने झोपेतल्या पोरांना मारलं. त्याचा आतला अर्थ शोधायच्या आधी मला द्रौपदीशेजारी बसावंसं वाटतं.

पाऊलवाट:
बसा. मीही बसेन. पण उठल्यावर माझ्या आतला अश्वत्थामा मला शोधावाच लागेल. सूडाने पेटलेला माणूस काय करू शकतो, हे मी फक्त त्याच्यावर ढकलून मोकळा होऊ शकत नाही.